डोहातलं लाल औषध

चहा घ्या, गार होतोय. मघापासून विचारताय ना, "मास्तर, तुमची कधी फजिती झाली की नाही?" झाली हो! अशी झाली, की सारी वाडी पोटभर जेवली आणि मला मात्र आजतागायत तोंड वर करता आलेलं नाही.

तेव्हा मी महाड आणि पोलादपूरच्या मधल्या एका वाडीत शाळामास्तर होतो. वाडी डोंगरउतारावर, खाली सावित्री. वैशाखातली सावित्री पाहिलीत कधी? नदी कसली, डबक्यांची माळ! एक डोह, मग नुसते गोटे, मग पुन्हा एक डोह. त्यात वरच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आलेली. तिथली माणसं आजाऱ्यांची धडुती नदीत धुवायची आणि ते पाणी झिरपत झिरपत आमच्या डोहात यायचं.

माझा धाकटा भाऊ शिवा मुंबईच्या गिरणीतून रजेवर आला होता. आईवडील लवकर गेले, त्याला मीच वाढवलेला. त्याला वेड एकच, मासे! सकाळ झाली की गरी घेऊन गुडघाभर पाण्यात उभा.

"शिवा, डोहात उतरू नकोस. पाणी बाधलेलं आहे."

"दादा, पाणी बाधलं असतं तर आधी मासे नसते मेले?"

"माशांना पटकी होत नाही रे!"

"मग झालंच की! मीच मासा होतो!"

वर्गात चाळीस पोरं माझ्या नजरेनं गप्प व्हायची. घरातला हा एक होत नव्हता.

इथून पुढे माझं शहाणपण. विहिरीत टाकायला म्हणून तालुक्याहून लाल औषधाचा डबा आला होता. काळपट जांभळे खडे. पाण्यात पडले की पाणी लाल. सोबत छापील कागद. वाडीतला शिकलेला माणूस मी, म्हणून डबा माझ्या हवाली. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, औषध विहिरीत टाकावे. मी विचार केला, विहीर कुठं पळून जाते? आधी डोह! शिवा ऐकत नाही ना, मग त्याच्यासाठी नदीच धुऊन काढू!

मूठभर खडे टाकले. रंग आला आणि गेला. दुसरी मूठ. तिसरी. शेवटी वैतागून डबाच उपडा केला. मग मात्र डोह असा लाल झाला म्हणता! मी काठावरच्या खडकावर उभा राहून माझी करामत बघू लागलो.

तेवढ्यात एक मासा आडवा होऊन वर आला. मग दुसरा. मग दहा!

तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात डोह आटले की रामेठ्याच्या झुडपाची साल ठेचून पाण्यात टाकतात. मासे गुंगतात आणि वर येतात. टाकणाऱ्यानं कुणाला बोलवायचं नसतं, नुसतं काठावर उभं राहायचं. ज्याला तो दिसेल त्यानं आरोळी ठोकायची आणि सगळ्या वाडीनं पाण्यात उतरायचं. टाकणाऱ्याचा मान म्हणून पहिला मोठा मासा त्याचा.

आणि मी कुठं होतो? काठावर. उभा!

"धावा गो धावा! मास्तरांनी औषध टाकलंय डोहात!" वरच्या बांधावरून आमच्या शेजारची भागीकाकू ओरडली.

टोपल्या आल्या, पाट्या आल्या, बायका लुगडी खोचून धावत आल्या. मी दोन्ही हात पसरून आडवा आलो.

"उतरू नका! पाणी वाईट आहे!"

"लाजता कशाला मास्तर? चांगलं काम केलंत!"

"अरे, हे माशांचं औषध नाही!"

"मग मासं उताणं कशानं झालं?"



जगलेवाचलेले मासे वरच्या तोंडाकडे पळाले, जिथून ताजं पाणी झिरपत होतं. म्हणजे धडुत्यांचंच पाणी. माणसं त्यांच्या मागे, कमरेएवढ्या पाण्यात. दोन्ही हात भरले की तिसरा मासा दातात धरायचा, हे आमच्याकडे पोरंटोरंही करतात. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? शिवा! दातात ही एवढी वाम.

"थुंक! आधी थुंक ते पाणी!" मी ओरडलो.

त्यानं वाम हातात घेतली आणि हसत म्हणाला, "दादा, आत्ता कळलं! आठ दिवस मला अडवत होतास ते ह्यासाठी होय? मासे राखून ठेवलेस आणि सगळ्यांना एकदम जेवण! मानलं बुवा तुला!"

इतक्या कौतुकानं त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी ओरडायचा थांबलो.

संध्याकाळी मानाची मरळ घरी आली. शिवानंच कालवण केलं. चांगलं झालं होतं.

विहिरीत टाकायला औषध उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवाला जुलाब सुरू झाले. दुपारी आवाज बसला. दिवेलागणीच्या आधी तो गेला. त्याच्यामागून वाडीतले आणखी चार गेले. त्यांत भागीकाकूचा नवरा.

पंधरवड्यानं तालुक्याचा कारकून चौकशीला आला. देवळात सगळे जमले.

"मास्तर, पाण्यात उतरू नका म्हणून लोकांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं." खरंच होतं ते.

"औषध टाकलंत?"

"सगळं टाकलं." हेही खरं!

"मास्तर वरडत व्हते सायब," भागीकाकू म्हणाली. "आमीच ऐकलं नाय."

मृत्यू पाच, असं लिहून कारकुनानं दौत-टाक माझ्याकडे सरकवला. "कारण तेवढं तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं : लोकांचे अज्ञान.

"काय लिवलंत मास्तर?" भागीकाकूनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "आमाला कुठं काय कळतंय!"

खाली सही लागते, कारकून म्हणाला.

केली.