तीन दिवस ओली राहिलेली देवी

आमच्या नांदेडच्या प्रेसमध्ये माहूरची रेणुकामाता तीन दिवस ओलीच होती… बोट लावलं की बोट लाल.

लातूर नवानवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका प्रेसला नव्या ऑफिसांचं काम एवढं मिळालं, की त्यांनी मोठं मशीन घेतलं आणि जुनं छोटं ऑफसेट माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, विकत आणलं. पावसानं पाठ फिरवलेली, नळाला पाचव्या दिवशी पाणी… आणि आमच्या घरी नेमकं पाणी पिणारं मशीन! आमच्या जुन्या ट्रेडल छपाई मशीनला थेंबही लागायचा नाही.

ऑफसेटची प्लेट सतत ओली ठेवावी लागते, म्हणजे शाई नको तिथे चिकटत नाही. त्यासाठी मशीनला एक ट्रे असतो, त्यातल्या पाण्यात टोपणभर औषध घालायचं. मी तेव्हा विशीतली. रोलरवर शाई पसरताना जो हलका चट चट आवाज येतो, तो ऐकत मी तासन् तास बसायचे आणि कागद मोजायचे विसरायचे. अप्पा म्हणायचे, ही पोरगी मशीनवर नाही, ढगात कामाला आहे.

गयाआत्या, अप्पांची धाकटी बहीण, माहूरला गडाच्या पायथ्याशी फोटो-बांगड्यांचं दुकान लावायची. यजमान गेल्यानंतरचं तिचं ते पहिलं नवरात्र. घटस्थापनेच्या आत आमच्याकडून देवीचे छापील फोटो घेऊन ती बसली नाही, तर ती जागा दुसरं कुणीतरी धरणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती स्वतःच नांदेडला येऊन बसली होती…

आणि देवी वाळेना! शेंदराने माखलेला तो मोठा मुखवटा म्हणजे सगळा लालच लाल. रंग एकावर एक, आधीचा वाळल्यावर चढवायचे; पिवळाही रडतखडतच वाळला होता, लाल चढवला आणि सगळं अडलं. वरच्या फोटोच्या पाठीला खालच्या देवीचा चेहरा उमटायचा.

अप्पांनी शाई बदलली, शाई वाळवायचं औषध वाढवलं, पंखा लावला. उन्हात ठेवले तर कागदच वळले. आत्या येता-जाता बोट लावून बघायची आणि लाल झालेलं बोट नकळत कपाळाला लावायची… दुपारपर्यंत तिचं कपाळ गोंधळात नाचून आल्यासारखं झालं. मला हसू यायचं, मग तिच्या डोळ्यांकडे बघून जायचं.

चौथ्या दिवशी अप्पांनी पोस्टातून लातूरला ट्रंक कॉल लावला. मुनीरभाई, तिथले मशीनमन, हे मशीन त्यांच्याच हाताखालून गेलेलं. शाई कोणती, कागद कोणता, असं विचारत ते पाण्यावर आले… ट्रेमधलं पाणी फेकता ना रोज?

पाणी फेकायचं? आम्ही रोज संध्याकाळी ते बादलीत काढून झाकून ठेवायचो, सकाळी तेच परत ओतायचो, आटलं तेवढी भर घालायचो आणि वर नेमानं एक टोपण औषध. मशीन आल्यापासून!

मुनीरभाई इतक्या मोठ्यानं हसले की मला शेजारी उभं राहून ऐकू आलं. "अप्पा, रोज दवा टाकून राहिलाव, पाणी पार तेजाब, ॲसिड झालं आसंल. तसल्या पाण्यावर शाई कशी वाळंल? अन् थप्पी उंच लावू नका, हवा लागू द्या."

साध्या कागदावर शाई मुरून जायची, म्हणून इतके दिवस कळलंच नव्हतं. देवीचे फोटो आर्ट पेपरवर होते, त्याच्या चकचकीत अंगावर शाई वरच्या वर वाळावी लागते.

घरी येऊन अप्पांनी बादली उचलली, दारापर्यंत नेली… आणि उभेच राहिले. पाण्याला दोनदा हात जोडले, मग गटारात ओतलं. समोरच्या पार्वतीकाकू ओट्यावरून ओरडल्याच. "डोकं फिरलं काय अप्पा? हिथं प्यायला न्हाई अन् तुम्ही गटारीत ओतून राहिलाव!"

अप्पांऐवजी आत्याच म्हणाली, "काय करावं काकी, त्या पाण्यानं देवी वाळंना गेली." आणि तिथेच दारात बसून रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवशी ट्रेमध्ये आमच्या माठातलं पाणी गेलं. निम्म्या कागदावर लाल चढवायचा होता, तो चढवला. ओले फोटो घरभर छोट्या छोट्या थप्प्यांत मांडले… स्वयंपाकघरात, देवघरात, माझ्या खाटेवर. मी त्या लाल चेहऱ्यांच्या मधून पाय वाचवत फिरत होते, आणि खरं सांगते, मला ते घर कधी नव्हे इतकं सुंदर दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर प्रेसच्या पायरीवर पाण्याने भरलेला तांब्या. वर झाकण. पार्वतीकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, आमच्याकडे बघतच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी पायरीवर सात तांबे होते… गल्लीत आमच्याशिवाय घरंही सातच. मशीनला दोन पुरायचे. उरलेले अप्पा संध्याकाळी ज्याचे त्याच्या दारात नेऊन ठेवायचे.

नवे फोटो दुसऱ्या दिवशीच वाळले. जुनेही वारा खाऊन सावकाश आले. आत्यानं अख्खा तळवा देवीवर फिरवला, उलटा करून बघितला… कोरा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माहूरची एसटी सुटायला तास राहिला असताना तिनं बांधलेला गठ्ठा सोडला आणि सात फोटो काढले. अप्पा म्हणाले, "गया, विकायचे हायत ते."

"ज्यांनी पाणी दिलं त्यांना देवी न देता गडावर कोणत्या तोंडानं जाऊ, दादा?" म्हणाली आणि गल्लीत गेली.

दसऱ्यानंतर तिचं कार्ड आलं, जागा तिचीच राहिली होती. पुढे अप्पा रोज ट्रे रिकामा करायचे, पण ओतताना मान फिरवायचे. आणि मी… दुष्काळात दुसऱ्याच्या देवीसाठी घरचं प्यायचं पाणी गुपचूप ठेवून जाणाऱ्या माणसांत मी वाढले, हे आठवलं की आजही त्या गल्लीला मनातल्या मनात नमस्कार करते.