लाल पट्टी

मी बुलडाण्यात बसून नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीचं काम करते. तिकीट काढलं की गिऱ्हाइकाला जो ईमेल जातो, त्याचा नमुना मी बनवते. नवा नमुना थेट गिऱ्हाइकांना पाठवायचा नाही, हा पक्का नियम. वेळ किंवा खुर्ची चुकीची गेली तर फोन घेता घेता जीव जातो. म्हणून तो आधी चाचणीच्या ठरलेल्या पत्त्यांवरच जातो, बाहेर कुणालाच नाही. त्यातला एक पत्ता जवळच्या उंद्री गावी राहणाऱ्या माझ्या बाबांचा. त्यांच्या डोळ्यांना वाचता आलं की सगळ्यांना येईल, एवढाच माझा विचार.

ही नुसती चाचणी आहे, असं बाबांना बजावलं होतं. पण सांगून काही उपयोग? पहिलाच मेल गेला आणि दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन, "आमी स्टँडवर उतरलो. नाटक कुठी हाय माय?"

आईला हॉलमध्ये, खुर्चीवर बसून नाटक पाहायची भारी हौस. गावात तिनं पाहिली ती पोतं अंथरून, लोकांच्या डोक्यांआडून. मी स्टँडवर गेले तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून उभी, हातात शिदोरी. मी अशी चिडले! "बाबा, चाचणी आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"तिकिटावर तं पयली रांग लिवेल हाय," बाबा म्हणाले. आईनं शिदोरी माझ्या हातात दिली. माझ्या खोलीवर भाकरी-ठेचा खाऊन दोघं परत गेली. मला दिवसभर कसंतरीच होत राहिलं.

तेव्हापासून चाचणीच्या प्रत्येक मेलवर मी लाल पट्टी टाकते: 'हे तिकीट खरं नाही.' बाबांनी तर हे काम मनावरच घेतलं. मिरचीच्या शेतात उभं राहून मेल तपासतात आणि कळवतात. खुर्चीचा नंबर बारीक झाला. वेळ खाली गेली, वर घे. देवा, एवढा छळ तर माझा साहेबही करत नाही! पण त्यांचा मेल आला नाही तर मला करमत नाही, हेही खरं.

दिवाळीनंतर बुलडाण्यात एक चांगलं नाटक लागलं. मी आईबाबांसाठी पहिल्या रांगेतली दोन तिकिटं काढली, बाबांचा पत्ता टाकून. या वेळी खऱ्या गिऱ्हाइकाला जातो तसा मेल गेला. मी खूश होऊन वाट पाहत बसले. थोड्या वेळात उत्तर आलं:

"मिळालं. अक्षर झकास. पण लाल पट्टी राह्यली माय. टाकून घे, नाहीतं कोनाची तरी माय नटून येईन."

मी तसाच फोन लावला. "बाबा, पट्टी राहिली नाही. तिकीट खरं आहे."

ते तिकडे आईला ओरडले, "अवं, आयकलं का? खरं हाय म्हन्ते!"

मागून आईचा आवाज आला, "अजून एक डाव इचारून घ्या."

"हाव आई, खरं हाय," मी तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.