भुलाबाईचा डबा आणि आमची प्रामाणिक मुलगी

कोजागिरीच्या दिवशी माझी कामांची यादी सकाळच्या चहाआधीच तयार असते: दूध, गच्चीवर सतरंज्या, ज्वारीचे धांडे, खिरापत. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. आमच्या वऱ्हाडात मुली भुलाबाई बसवतात. धांड्यांच्या मांडवाखाली मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडून गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खिरापतीचा झाकलेला डबा पुढे येतो. तो हलवायचा, हुंगायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर पाहुण्या जिंकल्या, नाही तर घरची बाई. खायला सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे हरण्यात तसं नुकसान काही नाही. पण माझी मोठी नणंद खास या खेळासाठी अकोल्याहून अमरावतीला यायची, आणि तिच्यासमोर हरणं मला महागात पडायचं.

एका वर्षी तिनं डब्याला हातही न लावता सांगितलं, "कणकेचे लाडू. अन् तूप जरा करपलं वं तुयं."

राजापेठेतल्या आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुली आणि त्यांच्या आया तेव्हा गच्चीवर होत्या. ते वाक्य इमारतीत वर्षभर टिकलं.

म्हणून पुढच्या वर्षी मी फोनवर पैज लावली. तिनं डबा ओळखला तर मी अकोल्याला जाऊन तिच्या दिवाळीच्या चकल्या करायच्या. नाही ओळखला तर तिनं अमरावतीला येऊन माझ्या. दिवाळीच्या फराळात चकली हे एकच काम असं आहे, जे मी कोणालाही आनंदानं देऊन टाकीन.

मी बिटाच्या तिखट पुऱ्या केल्या. लहान, कडक, गर्द लाल. असलं काही आमच्या घराण्यात कोणी केलेलं नव्हतं. डबा वाजू नये म्हणून त्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळल्या. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती ओट्याला टेकून सगळं पाहत होती.

"हे कोणाला सांगायचं नाही," मी म्हटलं.

"लपवणं म्हणजे खोटं बोलणं. कप फुटला तेव्हा तूच म्हणाली होतीस."

"हा खेळ आहे. यात लपवलंय हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून चालतं."

हे तिला पटलं. मलाही पटलं. मग मी वेलदोडे कुटून त्यांची पूड झाकणाच्या आतल्या बाजूला चोळली.

"पुऱ्यांत वेलदोडा आहे?"

"नाही."

"मग?"

"आत्याला वाटेल आत गोड आहे."

"मग हे खोटं झालं."

"मी कुठे काय बोलले? एक शब्द तरी तोंडातून काढला का?"

तिनं यावर बराच विचार केला. "म्हणजे बोललं नाही तर चालतं."

"चालतं," मी म्हटलं, कारण कढईतल्या उरलेल्या पुऱ्या करपायला लागल्या होत्या.

संध्याकाळी नणंद आली. गाणी झाली, डबा आला. तिनं तो कानाशी धरून हलवला, मग नाकाशी नेला, आणि चेहऱ्यावर अशी शांती आली की मला आनंद लपवता येईना.

"अनारसे," ती म्हणाली.

"नाही."

"मंग चिरोटे. खोबऱ्याची वडी. रव्याचे लाडू." ती गोडाच्या एका पदार्थावरून दुसऱ्यावर जात राहिली आणि मी मान हलवत राहिले. शेवटी ती मुलींकडे वळली. "सांगा वं पोट्ट्याहो, तुमी काहून चूप आहात?"

मुलींनी सांगायला सुरुवात केली. एक म्हणाली इडली. एक म्हणाली कलिंगड. चार वर्षांची म्हणाली पिझ्झा. आमच्या समोरच्या घरातली नऊ वर्षांची, जी एरवी फार हुशार, तिनं आकाशाकडे पाहून "पाणी" म्हटलं.

"डब्यात पाणी?" नणंद म्हणाली. "काय शिकवून राहिले तुमाले शाळेत?"

ती हरली. मी झाकण काढलं, धोतराचा तुकडा उलगडला आणि पाहिलं तर डबा अर्धा रिकामा. मी मुलीकडे पाहिलं. बाकी सगळ्या मुलींनीही तिच्याकडेच पाहिलं.

"मी कुठे काय बोलले?" ती म्हणाली. "एकेकीच्या हातात फक्त पुरी दिली."

"कशाला?"

"दर वर्षी आत्याच ओळखते. यांना कधी येतच नाही."

मी दूध आटवत होते तेव्हा खाली पाण्याच्या टाकीमागे हे वाटप झालं होतं. शब्द न बोलता. शेवटी बोट ओठांवर ठेवून.

"मंग तुमाले मालूम होतं त सांगितलं काहून नाही?" नणंदेनं विचारलं.

नऊ वर्षांची म्हणाली, "माहीत असलं तर ते ओळखणं थोडीच होतं, काकू? ती तर चीटिंग." सात वर्षांची म्हणाली, तिनं बोट ठेवलं होतं ना ओठावर. चार वर्षांची म्हणाली, "मले पिझ्झा आवडते."

आता पैज कोण जिंकलं? नणंद म्हणे, गच्चीभर पोरींना माहीत असलेला डबा हा डबाच नाही. मी म्हणे, तुम्हाला तर माहीत नव्हतं ना, ताई. बाया दोन्ही बाजूंनी वाटल्या गेल्या आणि दुधावर साय धरली. शेवटी मुलीनंच निकाल दिला. आत्याला आलं नाही म्हणून आत्या हरली. सगळ्यांना माहीत होतं म्हणून आई पण हरली. दोघींनी मिळून चकल्या करायच्या.

त्याप्रमाणे दिवाळीआधी नणंद पुन्हा आली. ती सोऱ्या फिरवत होती, मी तळत होते, मुलगी ताटात चकल्यांची शेपटं चिकटवत होती.

"अख्ख्या बिल्डिंगले पुरी देल्ली," नणंद तिला म्हणाली, "अन् सख्ख्या आत्याले एक नाही?"

"तू लगेच सांगितलं असतंस. मोठी माणसं सांगून टाकतात. आई मला म्हणते कोणाला सांगू नको, आणि मग स्वतःच फोनवर सांगते."

सोऱ्या थांबला. "माह्याबद्दल काय सांगते वं तुई माय फोनवर?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि विचार करायला लागली. तो इतका लांबला की माझा घाणा काळा पडला.

"म्हणते की," ती सावकाश म्हणाली, "ताईंसारखी चकली मला जमत नाही."

नणंदेनं समाधानानं पुन्हा सोऱ्या फिरवायला घेतला. मी ते खरंच म्हटलं होतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मुलीनं गाळलं होतं.