नलवडे सरांची तिसरी शिट्टी

आमचा कुकर गेला.

घाबरू नका, किचनमधला शाबूत आहे. आमचे नलवडे सर गेले. आज पहाटे, गावी, झोपेत. पंच्याऐंशी वर्षांचे होते.

कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात सर आमच्या कॉलेजचे फुटबॉल कोच होते. मी त्यांचा राखीव गोलकीपर. तीन वर्षं बेंचवर बसलो. पाय चालवायला मिळाले नाहीत, म्हणून जीभ चालायला लागली.

प्रॅक्टिस संपताना सर दोनच शिट्ट्या मारायचे. पीप, पीप. बस्स.

"सर, तिसरी?"

"तिसरी वाजली की मॅच संपती. प्रॅक्टिस कधी संपती का रं, मर्दा?"

सर रिटायर झाले आणि त्याच वर्षी बातमी आली: आमच्या ग्राउंडवर शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार.

सर अर्ज घेऊन नगरसेवकाकडे गेले. तो म्हणाला, "बघतो, सर."

परत गेले. "बघतो, सर."

तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो घरात असून घरात नव्हता.

सर तिथूनच तहसील कचेरीत गेले आणि स्वतःच्या नावाचा फॉर्म घेऊन आले. अपक्ष. साठीला आलेला माणूस, फक्त एका ग्राउंडसाठी.

चिन्ह मागितलं शिट्टी. तीच दुसऱ्याही एकाला हवी होती. चिठ्ठ्या टाकल्या. सर बाहेर आले आणि म्हणाले, "कुकर मिळाला."

आम्ही आणलेल्या शिट्ट्या परत खिशात घातल्या.

"तोंडं कशाला पाडताय? शिट्टी हाय की त्याला."

मग आमची अख्खी टीम आयांचे कुकर डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरली. 'तीन शिट्ट्या, भात तयार! नलवडे सरच नगरसेवक यार!' ही घोषणा माझी. माझ्या साहित्यिक कारकिर्दीची सुरुवात इथून झाली, यापेक्षा वर ती फारशी गेलेली नाही.

प्रचारात अडचण एकच होती: उमेदवार.

"सर, निवडून आल्यावर नळाला रोज पाणी येईल का?" एका मावशींनी विचारलं.

"नाही येणार. टाकीच तेवढी आहे. दिवसाआडच येईल."

आमच्या बबनने, म्हणजे कॅप्टनने, तिथेच कपाळाला हात लावला. "सर, निदान 'बघतो' तरी म्हणा!"

"बघायचं काय त्यात? टाकी दिसती की हितनं."

तरीही निवडून आले. कसेबसे. लोक म्हणाले, माणूस खरं बोलतोय, म्हणजे नवा असणार.

पाच वर्षं सरांनी पालिकेत एकच काम केलं. ग्राउंडचा ठराव आला की उठायचं, खिशातली शिट्टी काढायची, भर सभागृहात वाजवायची आणि ओरडायचं, "फाऊल!"

दोनदा बाहेर काढलं. मग मधाचं बोट लावून पाहिलं. "सर, क्रीडा सभापती करतो, तेवढी एक सही द्या."

"ग्राउंडच गेल्यावर क्रीडा कुठं करू? पार्किंगमध्ये?"

शेवटी ठराव वैतागून मेला. ग्राउंड राहिलं.

पुढच्या निवडणुकीत सर आपटले. साहजिक आहे. कुणाचा भाचा चिकटवला नव्हता, कुणाचं बांधकाम वाढवून दिलं नव्हतं. निकालाच्या दिवशी आम्ही रडवेले होऊन त्यांच्या घरी गेलो, तर सर बुटांना पॉलिश करत होते. "पाचला प्रॅक्टिस आहे. हितं काय करायलाय?"

मग मी मस्कतला आलो. पुढे सरांची लेक वैशालीही लग्न होऊन मस्कतमधल्याच वादी कबीरला आली, आणि दर थंडीत तिच्याकडे सर.

पहिल्याच वर्षी तिचा फ्रीज बिघडला. मेकॅनिक म्हणाला, "कल आएगा, इन्शाल्ला." तो पाचव्या दिवशी आला.

सरांनी मला बोलावून घेतलं. "ह्या शब्दाचा अर्थ काय रं?"

"देवाच्या मनात असेल तर."

सरांनी बराच विचार केला. "म्हणजे आपल्या नगरसेवकाचं 'बघतो'च की. पण ह्यात निदान देव तरी हाय."

आणि थोड्या वेळाने: "आधी सांगायचं हुतंस, लेका. दुसरी निवडणूक पण मारली असती."

दुसऱ्याच शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, ते तिथल्या वर्कशॉपांमागच्या मोकळ्या मैदानात उभे. समोर आमच्या बिल्डिंगांमधली, स्कूलबसने शाळेत जाणारी, इंग्लिश बोलणारी फौज. माझी लेकही त्यात. दोन शिट्ट्या झाल्या की पोरं विचारायची, "सर, इट्स ओव्हर ना?"

"ओव्हर क्रिकेटमध्ये असती. पळा!"

माझ्या लेकीचं मराठी अडखळतं. पण मैत्रिणीने बॉल सोडला की ती "काय गं मर्दा!" असं खणखणीत ओरडते. व्याकरण गेलं खड्ड्यात, कोल्हापूर पोचलं.

वैशाली गेल्या आठवड्यापासून गावीच होती. आज दुपारी तिने व्हिडिओ कॉल लावला. सरांना शेवटचं ग्राउंडवर ठेवलं होतं. मागे दोन्ही गोलपोस्ट. कडेला किट घातलेली पोरं.

बबन पुढे आला. तोच बबन, आता केस पांढरे. हातात सरांची शिट्टी.

एक मारली. दुसरी मारली.

वैशाली म्हणाली, "बबनदादा, आज तिसरी मारा की."

त्याने शिट्टी तोंडाला लावली. काढली. "सरांनी कधी मारली नाही. मी कोण लागून गेलो?" मग पोरांकडे वळून म्हणाला, "पाच वाजता प्रॅक्टिस आहे. सगळ्यांनी यायचं."

मी इकडे मस्कतमध्ये, वादी अदाईत, ऑफिसच्या गाडीत बसून मोठ्याने हसलो. मग हसू थांबेना, आणि ते हसूच आहे का तेही कळेना.

संध्याकाळी घरी कुकर लावलेला होता. दोन शिट्ट्या झाल्या. मी उठलो आणि गॅस बंद केला.

भात कच्चा राहिला. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाढला. लेकीनेही संपवला.

सर, ग्राउंड शाबूत आहे. तिथलंही, इथलंही. शुक्रवारी सकाळी सहाला पोरं जमतील, शिट्टी माझ्याकडे असेल. बेंचवरून उठायला मला जरा उशीरच झाला.

'बघतो' म्हणत नाही, सर.

येतो.