समुद्राला काठी लावली तेव्हा

मला लिहायला नातीनंच शिकवलं, तिच्या पाटीवर, तेव्हा चूकभूल पदरात घ्या. नात सुशी सावद्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिची शिकवायची रीतच उलटी. मुलीनं विचारलं, "बाई, असं का?" की ही म्हणते, "तूच बघ नि मला सांग." ह्या माघात तिनं ठरवलं, आपली तापी समुद्राला मिळते तिथं चौथीच्या सहा मुली न्यायच्या. सोबतीला मोठं बाईमाणूस हवं होतं. माझं गाठोडं आधीच बांधून तयार!

अडले फक्त त्यातल्या चंद्रीचे वडील, नाना. केळीचा व्यापार, बोलणं फटकळ. "चौथी झाली की शाळा बस," म्हणाले. सुशीनं फार विनवलं तेव्हा बोलले, "ने. पण मले माहीत नही अशी एक तरी गोष्ट पोरीनं आणली पाहिजे. नही तं पाटी माळ्यावर." चंद्रीचं तोंड एवढंसं झालं.

स्टेशनपर्यंत बैलगाडी, जळगावला गाडी बदलायची, मग सुरत येईपर्यंत बसून राहायचं. मुलींना अर्धं तिकीट. तुम्ही गेलात तर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी नि ठेचा न्या, टिकतात. अमळनेरला डब्यात चढलेली एक बाई म्हणाली, "इतल्या पोरी कथा लई चालनी व माय? लगीनले का?"

"समुद्र दाखवायला नेतोय," मी म्हटलं.

"त्यामा काय देखानं? पानीज शे ना!"

सुरतेहून टांग्यानं समुद्रकाठचं डुमस. धर्मशाळा स्वच्छ, पाणी मात्र मचूळ.

समुद्राला मी आधी हात जोडले, मग पाण्याच्या कडेला काठी रोवली. पुरात आम्ही तापीकाठची माणसं हेच करतो. पाणी काठीवर चढलं तर सामान उचलायचं, खाली गेलं तर निवांत झोपायचं. बघते तर पाणी मागं मागं. "पूर ओसरला ग बायांनो!" असं जाहीर करून भाकरीचं गाठोडं मी काठीच्या बरंच खाली, गार वाळूवर ठेवलं. शंख वेचत लांब गेलो. परतलो तेव्हा पाणी काठीला टेकत होतं, नि गाठोडं तरंगत चाललेलं!

"आजी, तुमचा पूर परत आला!" चंद्री हसून लोळली. मग उठून काठीकडं बघू लागली. "पण बाई, पाऊस कुठी पडला?"

सुशीला ठाऊक असणारच. पण ही बया म्हणते, "उद्या पुन्हा बघू या का?"

चंद्रीनं कलत्या उन्हात उभं राहून आपली सावली पावलांनी मोजली. शेतात आम्ही वेळ अशीच ओळखतो. सात पावलं.

दुसऱ्या दिवशी सात पावलं झाली, पाणी लांबच. मुली कुरकुरल्या. मलाही भूक लागलेली. दहा पावलांना पाणी काठीला लागलं. "उशिरा आलं!" चंद्री ओरडली. "बाई, हे रोज उशिरा येतं का?"

"तुला काय वाटतं?"

मला वाटलं, पोरीला उत्तर देऊन टाक की ग, तिची शाळा पणाला लागलीय!

परत आलो तेव्हा नाना त्यांच्या ओट्यावर बसलेले. सगळं ऐकून म्हणाले, "बिनपावसाचा पूर? तोही रोज? थापा!"

चंद्री रडली नाही. तिनं काठी पुढं केली. "तुम्ही केळी घेऊन सुरतेले जाता न? तठून डुमसले जाऊन रोवून पाहा. खोटं निघालं तं मीच पाटी माळ्यावर टाकते."

पंधरा दिवसांनी नाना सुरतेहून आले ते थेट आमच्याकडं. पायात नव्या वहाणा करकर वाजत होत्या.

"जुन्या कुठी गेल्या, नाना?" मी विचारलं.

"पाणी खाली चाललं होतं, अक्का," ते खाली बघत म्हणाले, "म्हून काठीच्या खालीच काढून ठेवल्या..."

मी पदर तोंडाशी धरला. नानांनी सुशीकडं वळून विचारलं, "पण मास्तरीणबाई, काबरं येतं ते पाणी?"

"तुम्हाला काय वाटतं, नाना?"

"चंद्रीलेच विचारतो," म्हणाले नि गेले. दुसऱ्या दिवशी चंद्री पाटी घेऊन शाळेत निघाली, आणि कोपऱ्यापर्यंत पाणी का येतं ह्यावरचा बापलेकीचा वाद मला ऐकू येत होता. माझ्या भाकरी समुद्रानं नेल्या त्या काही फुकट गेल्या नाहीत.