पहिली तीन प्रकरणं

चष्म्याच्या दुकानात मागे एक अंधारी खोली असते, तिथे बसून लोकांचे डोळे तपासणं हे बाईंचं काम. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एकेक काच सरकवायची, समोरची अक्षरं वाचायला लावायची आणि विचारायचं, "ही बरी, की आधीची बरी होती?" निम्मे लोक या प्रश्नाने गांगरतात आणि बाईंना कुठलं उत्तर हवंय याचा अंदाज घेत बसतात. मग बाई म्हणायच्या, "अहो, डोळे तुमचे आहेत. माझ्याकडे काय बघता?"

या बाईंनी एक कादंबरी लिहिली होती. चांगली जाडजूड, शेवटाला पोचलेली. आजारी आईला दवाखान्यात घेऊन बसलेल्या एका बाईची गोष्ट. लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, सुटले. पण खरं घोडं तिथेच अडलं. मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाला दारात उभं करत नाहीत, मधे एजंट लागतो. हा एजंटही सगळं वाचत नाही. त्याला पहिली तीन प्रकरणं पाठवायची. आवडली तर तो पुढचं मागणार, नाही तर दोन ओळींचा नकार. काहींचा तर तोही नाही.

पहिला नकार आला तेव्हा बाईंनी अंथरूण धरायचंच बाकी ठेवलं होतं. "लेखन चांगलं आहे, पण आम्हाला योग्य वाटत नाही." चांगलं आहे तर योग्य का नाही, याचा त्यांनी इतका कीस पाडला की घरच्यांना ती ओळ पाठ झाली. नणंद आली की विचारायची, "काय गं वहिनी, अजून चांगलंच आहे ना?"

पुढे नकारांची सवय झाली, म्हणजे बाईंनी त्यावर एक तोडगा काढला. नकार आला की रडायचं नाही, पहिली तीन प्रकरणं दुरुस्त करायची. एकाने कळवलं, सुरुवात संथ आहे. झालं, पहिल्याच पानावर रुग्णवाहिका आली. दुसरी म्हणाली, नायिका फार सोसते. बाईंनी नायिकेला असं तिखट केलं की तिसऱ्या प्रकरणात ती डॉक्टरांच्या अंगावर धावून गेली. आणखी एकीने विचारलं, हा नवरा कशासाठी आहे? तो तर काहीच करत नाही. बाईंनी जरा विचार केला आणि नवऱ्याची गच्छंती झाली. नायिका एकटीच राहायला लागली. प्रत्येक वेळी प्रकरणं अधिक चकचकीत होत गेली. पुढच्या प्रकरणांकडे मात्र बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. ती मागतंय कोण?

बाईंचे स्वतःचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आळीत त्यांना लिफ्टवालेच म्हणत. कमी बोलणारा माणूस. बायको लिहिते याचं त्यांना कौतुक होतं, पण "मला कुठं त्यातलं कळतंय" म्हणून त्यांनी कधी एक पान वाचलं नव्हतं आणि बाईंनीही कधी दिलं नव्हतं. द्यायला लाज वाटायची, कारण कादंबरीतला नवरा हुबेहूब तेच होते. फक्त तो लिफ्टऐवजी पंखे दुरुस्त करायचा.

आणि एके दिवशी दुपारी, डबा खाताना, एका एजंटबाईंचं उत्तर आलं. "तीनही प्रकरणं एका बैठकीत वाचली. पूर्ण कादंबरी पाठवा." बाईंनी घास तसाच ठेवला. त्यानंतर आलेल्या आजोबांना त्यांनी उजव्या डोळ्याची काच डाव्याला लावली आणि आजोबाही भिडस्त, छान दिसतंय म्हणाले. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, "आता आम्हाला ओळख दाखवशील ना गं?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई सगळी कादंबरी पहिल्यापासून वाचायला बसल्या आणि चौथ्या प्रकरणात त्यांनी कपाळाला हात लावला. जो नवरा अस्तित्वातच नव्हता, तो ओली छत्री घेऊन घरात शिरला आणि टॉवेल कुठे आहे म्हणून विचारू लागला. डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारी नायिका खाली मान घालून त्याला टॉवेल शोधून देत होती. चकचकीत दाराच्या आत जुनंच घर होतं. इतक्या वर्षांत एकीनं दार उघडलं होतं आणि आत न्यायला त्यांच्याकडे काहीच धड नव्हतं.

लिफ्टवाल्यांना त्यांचा चेहरा बघवेना. म्हणाले, "दे इकडं. मी वाचतो आणि जुळत नाही तिथं खूण करतो. लिफ्टच्या दुरुस्तीलाही एक माणूस आत आणि एक वर लागतोच."

बाईंना नाही म्हणवेना. वाचता वाचता थोड्या वेळाने लिफ्टवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हा पंखेवाला कोण?"

"नवरा. तिचा."

"मग आधी कुठं होता?"

"काढला."

"का?"

बाईंनी खरं ते सांगितलं. "मागे एक एजंट म्हणाली, तो काहीच करत नाही."

लिफ्टवाले पुन्हा पानात बघत बसले. पंखेवाला चहा बशीत ओतून प्यायचा, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायचा. न ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "पुढूनही काढून टाक. कशाला हातचं घालवतेस?" आणि उठून हत्यारं पुसायला गेले. हत्यारं स्वच्छच होती. बाईंना ते दिसलं आणि मनातून फार वाईट वाटलं.

तरी त्यांनी दुकानातून रजा घेतली आणि कात्री लावायला सुरुवात केली. खोटं कशाला बोला, पूर्ण कादंबरी मागणारी ती एजंट त्यांना हवीच होती. नवरा काढायला सोपा निघाला. बोलायचाच कमी, त्यामुळे वाक्यं भराभर गेली. मग दवाखान्याचं प्रकरण आलं. आत आईची शस्त्रक्रिया चाललेली, बाहेर बाकावर नायिका, आणि शेजारी तो, तिची पर्स मांडीवर घेऊन बसलेला. एक शब्द बोलत नाही. ती उठून दारापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. तो पर्स धरून बसून राहतो. बाईंनी त्याला काढला आणि पर्स नायिकेकडे दिली. आता ती उठली की पर्सही घेऊन उठायला लागली. परत यायला तिला कारणच उरलं नाही. बाईंना त्यांच्या आईची शस्त्रक्रिया आठवली, तो बाक आठवला, ग्रीस लागलेल्या बोटांत धरलेली स्वतःची पर्स आठवली. त्यांना रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. याला मी बिनकामाचा म्हटलं?

त्यांनी कापलेली वाक्यं परत घातली, जुनी तीन प्रकरणं शोधून काढून पुन्हा जागेवर लावली आणि सगळी कादंबरी पाठवताना एजंटबाईंना सरळ लिहिलं: "तुम्ही वाचलेल्या प्रकरणांतून मी नवऱ्याला काढलं होतं. खऱ्या कादंबरीत तो आहे. सुरुवातही संथ आहे. तरी वाचावं ही विनंती."

"काढलंस का त्याला?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"वेडी आहेस," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुनी पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. सावकाश, कामावरून आल्यावर, ओठ हलवत. कसं वाटतंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारायचं धाडस केलं नाही.

एजंटबाईंचं उत्तर एका संध्याकाळी आलं. लिहिण्याची पद्धत अतिशय सभ्य होती. त्या तीन प्रकरणांत जो वेग होता तो इथे नाही, त्यामुळे पुढे जाता येत नाही, शुभेच्छा. इतके नकार पचवलेल्या बाईंना इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. यावेळी नकार सगळ्या पुस्तकाला होता. सवयीने त्यांनी फाइल उघडली, पहिलं प्रकरण समोर आणलं आणि कुठून हात घालावा हे बघत बसल्या.

"अगं," बाहेरून लिफ्टवाल्यांची हाक आली. "ही पानं संपली. तो अजून बाकावरच बसलाय. आईचं काय झालं?"

बाई उठल्या आणि पुढची पानं घेऊन गेल्या. लिफ्टवाल्यांनी मान वर केली नाही, नुसता हात पुढे केला आणि वाचायला लागले. बाई तिथेच दाराला टेकून उभ्या राहिल्या, ते पान कधी उलटतात ते बघत.