परत न घेतलेली सुपारी

जन्मात एकदाच मी काहीतरी थोर करायला निघालो होतो, आणि निघताना चुकीची सुपारी खिशात घातली.

बासष्ट सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी पलटणीत होतो. पलटणीत म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंदूक येते, म्हणून आधीच सांगून टाकतो, मी ट्रक चालवायचो. बटाटे, कांबळी, रॉकेलचे डबे. देशाचं रक्षण माझ्या हातून झालं असेलच तर ते बटाट्यांमार्फत. दसऱ्याला रजेवर घरी आलो होतो. म्हसळ्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव, भाताची थोडी खाचरं, आणि घरात आत्या आणि मी. श्रीवर्धनच्या एका वाडीवाल्याच्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं. मार्गशीर्षातला मुहूर्त होता. रजा अर्धीही संपली नव्हती तेवढ्यात तार आली की ताबडतोब हजर व्हा.

आमच्या दोन्ही घरांत लग्न ठरवायची एक रीत होती. मुलीकडच्यांनी आपल्या वाडीतल्या दोन सुपाऱ्या आणायच्या. एक चार माणसांदेखत फोडून सगळ्यांनी खायची, म्हणजे बोलणं पक्कं. दुसरी अख्खी, ती मुलाकडच्यांनी देवाजवळ ठेवायची आणि लग्नाच्या दिवशी मांडवात गणपती म्हणून बसवायची. मोडायचंच झालं तर ती अख्खी परत नेऊन द्यायची. समोरच्याने हातात घेतली की मोडलं. वर भांडण नाही, तंटा नाही.

आता मोडायचं कशाला? तर आत्यामुळे. आत्या मला काही बोलली नव्हती. ती नुसती घरात होती, तेवढं पुरे होतं. तिचा नवरा मागच्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे गेला तो गेलाच. मेल्याचं पत्रसुद्धा आलं नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुंकू लावायचं की पुसायचं हे तिला कुणी धड सांगितलं नाही, म्हणून ती तुरीच्या दाण्याएवढं लावायची. लावलं म्हणावं तर लावलं, नाही म्हणावं तर नाही. तार हातात धरून मी त्या कुंकवाकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, त्या मुलीला मोकळं करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या शेतावर गेल्यावर देवापुढची पितळी डबी उघडली, सुपारी काढली आणि श्रीवर्धनची एसटी धरली. वाटेत भाषण तयार केलं. चांगलं झालं होतं. मोटार गचके खात होती तरी माझा एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

मुलीचे वडील पडवीत चटईवर बसून सुक्या सुपाऱ्या निवडत होते. मोठ्या एकीकडे, किडक्या एकीकडे. मी उभ्यानेच भाषण सुरू केलं. देशावर संकट आलंय, मला उद्या निघायचंय, माणसाच्या जिवाचा भरवसा नाही, तुमच्या मुलीचं आयुष्य पुढे आहे. आणि शेवटच्या वाक्याला वाकून सुपारी त्यांच्यापुढे ठेवली. ठेवायला जागा तरी नीट बघावी की नाही! चटईच्या काठावरून ती गडगडत गेली आणि ढिगात मिसळली.

त्यांनी मान वर केली नाही. ढिगात हात घातला, एक सुपारी उचलली, बोटांत फिरवली आणि माझ्यापुढे धरली.

"पाव्हणं, ही आमची न्हाय."

"म्हणजे?"

"बाजारची हाय. पूजेत मांडलेली. हे बघा, बुडाला कुंकू. आमची रोठा जातीची, हिच्या दुप्पट." त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. "परक्याची सुपारी देऊन माझ्या लेकीचं लग्न कसं मोडाल? मोडायचं आसंल तर आमची आणा. मी घेईन. जबरदस्ती न्हाय."

तेवढ्यात ती पाणी घेऊन बाहेर आली. दाराआड उभी राहून सगळं ऐकलं होतं हे चेहऱ्यावरून कळत होतं. तोवर ती माझ्याशी एकदाच बोलली होती. सुपारी फुटली त्या दिवशी बायकांनी आम्हां दोघांना वाडी बघायच्या निमित्ताने पुढे पाठवलं होतं. मी पोफळींचे शेंडे बघत चाललो होतो आणि ती पुढून वळून म्हणाली होती, "जपून. पाट आहे." एवढंच.

आता तिने विचारलं, "उद्या केव्हा निघणार?"

"पहिल्या गाडीने."

"म्हणजे आमची सुपारी आणून द्यायला वेळ नाही."

"नाही."

"मग तोंडाने सांगा. मला सांगा."

मी सांगितलं. तिच्यापुढे भाषणातलं निम्मं आठवेना. संकट गेलं, भरवसा गेला, उरलं ते असं की आमच्या आत्यासारखं तुमचं होऊ नये. तिने ऐकून घेतलं.

"भ्यालात तुम्ही," ती म्हणाली, "आणि पांघरूण माझ्या नावाचं घेताय. मोडलंत ना? मग पत्र घालू नका. मलाही नाही, बाबांनाही नाही."

तांब्या घेऊन ती आत गेली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, खरी सुपारी डबीत नव्हतीच, लाल फडक्यात बांधून तांदळाच्या मडक्यात ठेवली होती. तुला विचारायला काय झालं होतं? मी म्हटलं, ती त्यांना पोचती कर. आत्या भाकऱ्या बांधत होती. तिने व्हय म्हटलं नाही, न्हायही म्हटलं नाही.

मग आसामच्या पलीकडचे डोंगर. लढाई महिन्याभरात आटोपली, आम्ही मात्र तिथेच राहिलो. थंडी अशी, की सकाळी गाडीच्या बुडाखाली जाळ करावा तेव्हा कुठे इंजिन हूं म्हणायचं. ती बाजारची सुपारी माझ्या ओव्हरकोटाच्या खिशात होती. शेजारी बसणारा साताऱ्याकडचा हवालदार रोज म्हणायचा, "फोड की लेका, तोंड शेकू." मी म्हणायचो, देवाची आहे. तो म्हणायचा, "देव तिकडं ऱ्हायला, त्येला काय कळतंय?"

पत्र घालायचं नव्हतं, म्हणून मी ते गाडी चालवता चालवता मनात लिहायचो. पहिल्या चढणीला मायना. तो काय लिहावा हेच ठरायचं नाही, कारण आता मी तिचा कोणी नव्हतो. मायन्याशिवायच पुढे जायचो. बर्फाबद्दल लिहायचो, बटाटे गोठून दगडासारखे होतात त्याबद्दल लिहायचो. प्रत्येक वळणाला खाली दरी दिसायची आणि मला ऐकू यायचं, जपून, पाट आहे. त्या उजाड रस्त्यावर मला तिच्या वाडीतली ओली सावली इतकी स्वच्छ दिसायची, की पाटाच्या पाण्याचा गारवा पायाला लागायचा. एकदाच पाहिलेली वाडी माणसाला किती आठवावी? मला वाटेतली पोफळ अन् पोफळ आठवायची. तिचा चेहरा मात्र रोज थोडा थोडा पुसट व्हायला लागला आणि त्याची मला फार भीती बसली. आवाज तेवढा राहिला.

सुपारी पोचली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची पत्रं पोस्टमन वाचायचा आणि तोच लिहायचा, म्हणजे गावाला तोंडपाठ. म्हणून मी आडून विचारलं, "देवाजवळचं सर्व जागच्या जागी आहे ना?" उत्तर आलं, "देवाची भांडी चिंच लावून घासली. म्हैस व्यायली. जपून राहणे." ते पत्र मी दहादा वाचलं. चिंचेचा अर्थ काय असेल आणि म्हशीचा काय, याचा विचार करत दोन डोंगर पार केले. हवालदाराने विचारलं, "घरचं बरं हाय न्हवं?" म्हटलं, म्हैस व्यायली. तो म्हणाला, "मग तोंड असं का?"

शिमग्याला रजा मिळाली. घरात पाऊल टाकलं तो सरळ तांदळाच्या मडक्यात हात घातला. कोपरापर्यंत तांदूळ. फडकं नव्हतं.

"गेली," आत्या मागून म्हणाली.

"तू नेऊन दिलीस?"

"मी कशाला देतंय?"

"मग तिचा बाप आला होता?"

"ती आलती. पौषात. यस्टीनं, येकटी. म्हणली, आमची सुपारी हाय ती द्या. मी दिली."

मी तिथेच चुलीपाशी बसलो. पाच महिने मनात लिहिलेलं पत्र जिला जायचं होतं, तिने स्वतः येऊन शेवट करून टाकला होता. आत्याने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तिच्या कपाळावरचं ते तुरीच्या दाण्याएवढं कुंकू माझ्या अगदी समोर आलं.

"मला कुनी काय सांगितलं न्हाय, कुठं इचारायचं तेबी न्हाय," ती म्हणाली. "न्हायतर मीबी जाऊन इचारलं असतं. तू जा. इचार."

श्रीवर्धनला पोचलो तेव्हा वडील बाजारात गेले होते. ती वाडीत होती, झावळ्या ओढत. मी तिच्याकडे बघत पुढे झालो आणि घोट्यापर्यंत पाटात गेलो.

"पाट आहे म्हटलं होतं," ती म्हणाली.

बूट पाण्यातच ठेवून मी विचारलं, "सुपारी नेलीत?"

"नेली."

"म्हणजे मोडलं."

"तुम्ही परत दिलीत का?"

"नाही."

"बाबांनी घेतली का?"

"नाही."

"मी मागून आणली. तिथं राहिली असती तर आज ना उद्या तुमच्या आत्यांनी तुमचं ऐकून ती पोचती केली असती." तिने झावळी खाली टाकली. कमरेच्या पिशवीतून लाल फडकं काढून दाखवलं आणि परत आत ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. "पत्र का नाही घातलं?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"तेवढं बरं ऐकलंत," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून झावळ्या ओढायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी पाटातून बाहेर यायला धजलो नाही.

वैशाखात लग्न झालं. मांडवात बसलेला गणपती थेट तिच्या पिशवीतून आला होता. दुसरी, बाजारची, अजून माझ्या ट्रंकेत आहे. बायको तिला म्हणते, तुमचं शौर्यपदक.

हे सगळं लिहून झाल्यावर परवा तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, हसेल. ती विळीवर कैऱ्या चिरत होती, ती चिरतच राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खरी आणली असतीत ना, तर बाबांनी घेतली असती. आणि मी दाराआडून बाहेर आले नसते."